हजेरीपट

सिम लीगवाला माणूस दुसऱ्या सिम लीगवाल्याला भेटला, की ‘तुमचा संघ कितवा?’ असं विचारत नाही. ‘तुमच्याकडे जिवंत किती उरलेत?’ असं विचारतो. शेजारच्या तिऱ्हाइताला वाटावं, दोघे कुठल्या तरी साथीतून वाचून आलेत. पण प्रश्न अगदी रास्त असतो. कॉम्प्युटरवर खोटे सामने लावायचे आणि त्यातल्या खोट्या संघांसाठी जगभरातून खरे मालक गोळा करायचे, असा हा उद्योग. खोटे खेळाडू बिचारे सांगाल तसे वागतात. दगा देतात ते मालक. कुणाची परीक्षा येते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाला मूल होतं, कुणाला नुसताच कंटाळा येतो. यातलं शेवटचं कारण कुणी लेखी देत नाही. त्यामुळे लग्नं आणि बाळंतपणं यांचं प्रमाण सिम लीगमध्ये जगाच्या मानानं जरा जास्तच दिसतं.

मी तीन ठिकाणी मालक आहे. एक बेसबॉलची लीग, एक ‘हॅटट्रिक’ हा फुटबॉलचा खेळ आणि तिसरी, फँटसी प्रीमियर लीगमधली आमच्या घरच्यांची छोटी लीग. तिसरीला शुद्ध सिमवाले पंक्तीला बसू देत नाहीत, कारण तिच्यात सामने खरे असतात. पण संघ खोटा आणि भांडणं खरी, एवढं साम्य मला पुरतं. बायको या तिन्हींचा उल्लेख ‘तुझं ते’ असा एकत्रच करते.

यातल्या बेसबॉल लीगचे कमिशनर म्हणजे निवृत्तीकडे झुकलेले एक अमेरिकन सज्जन. लीगचे सर्वेसर्वा तेच, कारकूनही तेच आणि झाडलोटीलाही तेच. त्यांनी मध्यंतरी मला पत्र पाठवलं, की आपली लीग मरत चालल्यासारखी वाटते. तू आणखी दोन ठिकाणी खेळतोस, तर तिन्हीकडच्या सभासदांच्या सक्रियतेची तुलना करून दे. मलाच का, तर मी भारतीय, म्हणजे एक्सेल येत असणारच. मला एक्सेलमध्ये रकाना रुंद करता येतो. देशाची अब्रू राखण्यासाठी मी तेवढ्या भांडवलावर होकार दिला.

बेसबॉलपासून सुरुवात केली. आम्ही खेळतो तो ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा खेळ १९९९ साली बाजारात आला, आणि तो काढणारे मार्कुस हाइन्सोन हे जर्मन आहेत. अमेरिकेचा लाडका खेळ कॉम्प्युटरवर उतरवायला जर्मन माणूस लागला याचं पुष्कळांना नवल वाटतं. मला नाही वाटत. तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, म्हणजे एका हंगामात २,४३० सामने. एवढ्याचा चेंडूचेंडूचा हिशेब ठेवायचा, तर मैदानावर बसून आरडाओरडा करणाऱ्या माणसाचं ते कामच नव्हे.

लीग चालते ती अशी. कमिशनर लीगची फाइल चढवतात. प्रत्येक मालक ती आपल्याकडे उतरवून घेतो, कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं ते ठरवतो आणि बदलांची छोटी फाइल परत पाठवतो. हा एक्सपोर्ट. मुदत संपली की कमिशनर कळ दाबतात, पुढचा आठवडा सिम होतो आणि निकाल लागतात. हे तिकडे रात्री नऊला घडतं, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या सकाळी साडेसहाला. आमच्याकडे दूध आणि निकाल एकदमच येतात. दार बायको उघडते.

एक्सपोर्टमुळे हजेरी मोजणं फार सोपं. आला तर हिरवी खूण, नाही आला तर लाल. मी खुणा मोजत गेलो आणि मला एक रत्न सापडलं. एका मालकांचा एक्सपोर्ट कधीही चुकलेला नव्हता. शंभर टक्के! मी त्यांचा संघ उघडून पाहिला. हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात खांदा निखळलेला त्यांचा एक पिचर सप्टेंबरातही चालू खेळाडूंच्या यादीत जागा अडवून बसला होता. त्याला जखमींच्या यादीत टाकायला माउसचे दोन टिचके पुरतात. हे गृहस्थ प्रत्येक वेळी फाइल उतरवत होते, तिला कुठंही हात न लावता परत पाठवत होते आणि झोपायला जात होते. पत्राला उत्तर नाही, सौद्याला होकार नाही, नकारही नाही.

त्याच यादीच्या तळाला टेक्ससचा एक प्राणी होता. त्याच्या निम्म्या खुणा लाल. पण लीगमधल्या एकूण एक मालकाला त्याचे ट्रेडचे प्रस्ताव रात्री-अपरात्री येत असत. प्रस्तावाचा मासला ठरलेला: तुझा सर्वांत चांगला शॉर्टस्टॉप मला दे, मी तुला तीन म्हातारे आउटफिल्डर देतो. खाली एकच शब्द, ‘विचार कर.’ आम्ही विचार करत नसू, पण चिडून एकमेकांना लिहीत असू. लीगमध्ये जी काही हालचाल होती ती या माणसाला शिव्या घालण्याच्या निमित्तानं होती.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हेच चालतं. वहीत सही करून चहा घेऊन जाणारे सभासद असतात; त्यांच्यावर कोरम भरतो. आणि बी विंगमधले एक काका असतात, ज्यांनी त्या वहीत आजवर सही केलेली नाही, कारण ते येतात तेच मुळी नोटीस बेकायदेशीर आहे असं ओरडत. सभा होते ती काकांची. शिवाय सोसायटीला एक सोय आहे: कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग हजर असतील तेवढ्यांत उरकायची. सिम लीगला ही सोय नाही. तिथं तीसपैकी अकरा एक्सपोर्ट आले, की उरलेले एकोणीस संघ कॉम्प्युटर सांभाळतो. आणि सगळ्यांना मनातून माहीत असतं, की तो त्यांच्या मालकांपेक्षा बरा सांभाळतो.

हॅटट्रिकमध्ये हा प्रश्न त्यांनी राजरोस सोडवला आहे. हा खेळ स्वीडनमध्ये १९९७ साली सुरू झाला आणि त्याचा वेग अजून त्याच सालातला आहे. एका गटात आठ संघ, चौदा फेऱ्या, सोळा आठवड्यांचा हंगाम. लीगचा सामना आठवड्यातून एकदा, सरावाचं फळ आठवड्यातून एकदा. उतावळ्या माणसाला इथं करायला काही ठेवलेलंच नाही. खेळाडू मात्र दर ११२ दिवसांनी एका वर्षानं म्हातारा होतो. सतरा वर्षांचं पोर विकत घ्यावं, मायेनं वाढवावं, तर आपल्या मुलाची दहावी होईस्तोवर त्याची निवृत्ती. मालक महिनोन् महिने फिरकला नाही, की संघ बॉटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हवाली होतो. बॉट सामना चुकवत नाही, रुसत नाही, त्याचं लग्न होत नाही. खालच्या गटांत कधी कधी आठांतले चार-पाच बॉट असतात आणि बॉटकडून हरलेल्या माणसाचं सांत्वन करायला जिवंत माणसंच कमी पडतात.

२००९च्या सुमारास हॅटट्रिकचे सभासद दहा लाखांच्या जवळ पोचले होते. मग ते ओसरत गेले. माझ्या तक्त्यात हॅटट्रिकचा रकाना भलताच केविलवाणा दिसायला लागला: बहुतेक मालक आठवड्यातून पाच मिनिटं येतात, संघ लावतात आणि जातात. रोजच्या हालचालीच्या हिशेबात ही माणसं जवळजवळ मेलेली. पण यातले कितीतरी जण वीस-वीस वर्षं तोच संघ सांभाळून आहेत. नोकऱ्या बदलल्या, देश बदलले, एकदोघांच्या बायका बदलल्या. डावा विंगर कोण याचा निर्णय मात्र त्यांनी एकाही आठवड्यात दुसऱ्यावर सोपवला नाही. आता याला कितीचा आकडा द्यायचा? एक्सेलमध्ये ‘दर दिवशी’ असा रकाना करता येतो. ‘दर तपाला’ असा रकाना मी करून पाहिला, तर त्यात बेसबॉल लीगचं नावच येईना, कारण तिला अजून एक तप झालेलं नाही.

फँटसी प्रीमियर लीगकडे वळलो तेव्हा या शास्त्रावरचा माझा उरलासुरला विश्वासही उडाला. हा खेळ २००२ सालापासून चालतो. शंभर दशलक्षांच्या खोट्या बजेटमध्ये पंधरा खेळाडू घ्यायचे आणि दर आठवड्याला पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संघ नक्की करायचा. शनिवारी इंग्लंडात साडेबाराचा सामना असला, की आपल्याकडे मुदत दुपारी साडेतीनला संपते. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे फिरली, की साडेचारला. आमच्या घरातली शनिवारची झोप यामुळे ऋतुमानानुसार सरकते. सव्वातीनला व्हॉट्सअॅपवर आत्तेभाऊ विचारतो, ‘सालाह ठेवू का काढू?’ आणि काहीही सांगितलं तरी उलट करतो.

या लीगमध्ये माझा मेहुणा आहे. त्यानं २०२३च्या जुलैत संघ भरला, कप्तान म्हणून हालांडला नेमलं आणि पासवर्ड विसरला. ऑगस्टमध्ये हॅरी केन टॉटनहॅम सोडून बायर्न म्युनिकला गेला. मेहुण्याच्या संघात तो मे महिन्यापर्यंत होता. बजेटचा आठवा हिस्सा जर्मनीत खेळत होता आणि त्याच्या जागी दर आठवड्याला बाकावरचा कुणीतरी आपोआप उतरत होता. हंगाम संपला तेव्हा मेहुणा तिसरा आला. आत्तेभाऊ नववा. कारण या खेळात फुकटचे बदल संपल्यावर जादा बदल केला की चार गुण कापतात, आणि आत्तेभावाला प्रत्येक शनिवारी साक्षात्कार होत असे. जास्त राबणाऱ्याला रोख दंड करणारी संस्था मी नोकरीतही पाहिली होती, पण तिथं तो नियम इतका स्वच्छ छापलेला नव्हता. मेहुण्याला मी तिसऱ्या क्रमांकाबद्दल फोन केला, तर तो म्हणाला, “भाऊजी, कसली लीग?”

मध्येच सासऱ्यांचाही फोन आला. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली, ती बातमी त्यांनी वाचली होती. “जावईबापू, तुमचं ते चालू आहे ना, ते यात बसत नाही ना?” मी म्हटलं, यात एक रुपयाही लागत नाही आणि मिळतही नाही. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी जुगारी असतो तर त्यांना समजायला सोपं गेलं असतं.

हे सगळं सुरू करणारी मंडळी मात्र सुखी होती. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनिएल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी फँटसी बेसबॉलची जी लीग काढली, तिला त्यांच्या जेवणाच्या अड्ड्याचं, ‘ला रोटिसरी फ्रांसेझ’चं नाव दिलं. तिथं हजेरी भुकेवर चाले. ओक्रेंट स्वतः ती लीग कधीच जिंकला नाही, हे मला त्याच्याबद्दल सर्वांत विश्वासार्ह वाटतं. पण शंभर टक्के सक्रियतेचं खरं उत्तर त्याच्याही आधी सापडलेलं होतं. जॅक केरुॲक या लेखकानं लहानपणापासून स्वतःची बेसबॉल लीग चालवली होती. संघांना फोर्ड, प्लिमथ अशी मोटारींची नावं, खेळाडू त्याचे, सामने त्याचे आणि त्यांच्या बातम्या छापणारं वर्तमानपत्रही त्याचंच. मोठेपणीही हे चालू होतं. आणि रॉबर्ट कूव्हरच्या १९६८च्या कादंबरीतला हेन्री वॉ हा हिशेबनीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर फासे टाकून आठ संघांची लीग खेळवतो. सभासद एक, हजेरी पूर्ण, तक्रार शून्य. पुढे फाशांच्या दानानं त्याचा लाडका तरुण पिचर मरतो आणि हेन्रीचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पण एवढं सोसणारा एक मालक मला आमच्या तिसांत द्या, मी लीग तारून दाखवतो.

आमच्या कमिशनरांनी तारायचा दुसरा मार्ग शोधला होता: बक्षीस. आपल्या संघाबद्दल लेख लिहा, पुढच्या हंगामात खेळाडू घ्यायला जादा पैसे मिळवा. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाच्या नावाचा एक नियम १९७५पासून प्रसिद्ध आहे, की मोजमापालाच ध्येय केलं की ते मोजमाप कामातून जातं. गुडहार्ट यांनी तो पतधोरणाच्या संदर्भात मांडला होता, कारण त्यांनी आमची लीग पाहिलेली नव्हती. पहिल्या आठवड्यात लेखांचा पूर आला. एक संपूर्ण लेख असा: ‘आम्ही मंगळवारी जिंकलो. बुधवारी हरलो. गुरुवारी सुट्टी होती.’ दुसऱ्यानं तोच लेख उचलून वार बदलले. दोघांनाही पैसे द्यावे लागले, कारण नियमात लांबी लिहिलेली नव्हती. पुढच्या हंगामात लांबी लिहिली, तर गुरुवारच्या सुट्टीचं वर्णन तीन परिच्छेदांचं झालं.

शेवटी मी अहवाल पाठवला. तक्ता रुंद आणि देखणा होता. त्यात ‘जिवंत’, ‘अर्धजिवंत’ आणि ‘निष्क्रिय’ असे रकाने होते, आणि शंभर टक्केवाल्या गृहस्थांना मी, निखळलेल्या पिचरचा दाखला देऊन, ‘अर्धजिवंत’मध्ये घातलं होतं. वर्षभर ज्यांचा ठावठिकाणा नव्हता असे पाच-सहा मालक ‘निष्क्रिय’ हा शब्द वाचून दोन दिवसांत प्रकट झाले. एकानं माझ्या संघाशी कसलाही ट्रेड न करण्याची शपथ घेतली. त्याचा-माझा ट्रेड पूर्वीही कधी झाला नव्हता. हॅटट्रिकची माणसं पाच मिनिटांत काय करतात याची चौकशी झाली. बॉट परवडतील का, असंही एकानं विचारलं.

आणि शंभर टक्केवाल्यांनी, लीगमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच, पत्र लिहिलं. पिचरचा खांदा ही संघाची अंतर्गत वैद्यकीय बाब आहे, तिची अशी जाहीर वाच्यता शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खाली मुद्दे घालून दोन पानं होती. कमिशनर दिलगिरीचा मसुदा करत होते, तेवढ्यात टेक्ससवाल्यानं सगळ्यांसमक्ष त्याच पिचरसाठी प्रस्ताव टाकला: तीन म्हातारे आउटफिल्डर. विचार कर.

त्यांनी रात्रभर विचार केला आणि सौदा मान्य केला.