पडवी, सर्वोच्च न्यायालयामार्फत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. चंडीगड प्रशासन ती चढलं, तीही थेट सर्वोच्च न्यायालयाची. कशासाठी? उच्च न्यायालयाच्या दारात पडवी बांधावी लागू नये म्हणून!

पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाची ही इमारत म्हणजे ल कॉर्बुझिए यांची करामत. 1955 मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं. छपरावर छप्पर, मधून वारा खेळावा म्हणून. दर्शनी बाजूला ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या चौकटी. प्रवेशाशी हिरवा, पिवळा, तांबडा असे तीन धिप्पाड खांब. जगभरचे वास्तुविशारद येतात, माना वर करून बघतात, फोटो काढून निघून जातात.

त्यांना कुठे तारीख असते?

आवाज घुमू नये म्हणून कॉर्बुझिएसाहेबांनी काश्मिरात विणून घेतलेले अवाढव्य गालिचे कोर्टाच्या भिंतींवर चढवले. काही न्यायमूर्तींना ते पसंत पडले नाहीत. हा निकाल मात्र कुणी राखून ठेवला नाही.

मुख्य न्यायमूर्तींचं कोर्ट क्रमांक एक बाकीच्या आठांपासून बाजूला. दाराबाहेर पाऊल टाकलं की वर आभाळ. आता जुलैतला पाऊस धरा. पुकारा व्हायचाय, वकील गाऊन सावरतोय, पक्षकाराने फाइल छातीशी कवटाळलीय. कागद भिजले तर नव्याने दाखल करता येतात. पक्षकार भिजला तर?

नोंद नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानेच फर्मावलं, इथे पडवी बांधा. प्रशासन म्हणालं, 2016 पासून हा युनेस्कोचा जागतिक वारसा आहे, त्याला धक्का लागेल. अहो, दोन ते नऊ क्रमांकाच्या कोर्टांपुढे पडवी आहेच की! तेव्हा वारसा कुठे वाहून गेला?

28 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पडवीच्या बाजूने कौल दिला. उद्घाटनानंतर सत्तर वर्षांनी. दिवाणी दाव्याच्या मानाने लवकरच म्हणायचं.

आपण हसू नये. वांद्र्याला मुंबई उच्च न्यायालयाचं नवं संकुल उभं राहायचंय, आराखडा हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचा. नोव्हेंबर 2025 मध्ये पायाभरणीला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी बजावलं, न्यायमंदिर बांधा, सप्ततारांकित हॉटेल नको.

एकदम मान्य. फक्त, हॉटेलात आलेल्या माणसाला लॉबीत टेकायला सोफा तरी मिळतो.