शाल पांघरून वीजबचत

मे महिन्यात पुण्यातल्या विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरच्या एखाद्या काचबंद ऑफिसात डोकावा. बाहेर ४० अंशांचा चटका, आत खुर्चीखुर्चीवर शाल. एसी १८ वर. तापमान एका अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून तर स्टार लेबलचे खोलीचे एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. पण रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि साहेब कोटात!

बांधतानाच पश्चिमेला अख्खी काचेची भिंत उभी करायची, मग ऊन येतं म्हणून पडदे ओढायचे, मग अंधार होतो म्हणून भरदुपारी ट्यूब लावायच्या. (पडद्यांचं बिल एका खात्यात, विजेचं दुसऱ्यात; हिशेब जुळवणार कोण?) वीजबचत शिकवणाऱ्या 'महाऊर्जा'चं कार्यालय पूर्वी शेजारी येरवड्यातच होतं. इकडे कुणी फिरकल्याचं दिसत नाही.

पर्यावरण समिती मात्र जोरात आहे. 'लिफ्ट टाळा, जिना चढा' असा मोठा रंगीत फलक तिने लावलाय. लिफ्टच्या आत.