‘रिप्ले घेऊ’ म्हणू नका

रविवारी सकाळी कुठल्याही क्लबच्या टेनिस कोर्टाशेजारी थोडा वेळ उभे राहा. सिंगल्स चालू असेल तर एक वाक्य हमखास कानावर येईल : ‘नीट दिसला नाही रे, रिप्ले घेऊ.’ म्हणणाऱ्याचा स्वर उदार असतो. समोरचा मान डोलावतो. बाकावर बसलेले म्हणतात, वा, काय खिलाडूवृत्ती! मला मात्र हे वाक्य ऐकलं की संताप येतो. चेंडू तुमच्या बाजूला पडला आणि तो बाहेर गेलेला तुम्हाला दिसला नाही, तर तो आत होता. गुण समोरच्याचा झाला. जो गुण त्याने मिळवलेला आहे तो त्याला दुसऱ्यांदा मिळवायला लावायचा, आणि वर त्यानेच ‘थँक्यू’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

नियमात याबद्दल काडीचाही संदेह नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने पंचाविना होणाऱ्या सामन्यांसाठी कार्यपद्धती लिहून ठेवली आहे. जाळीच्या आपल्या बाजूचे सगळे निर्णय आपण द्यायचे. ‘आउट’ किंवा ‘फॉल्ट’ म्हणायचं तर चेंडूचा टप्पा पडताक्षणी आणि समोरच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचं. आणि शंका असेल, तर शंकेचा फायदा प्रतिस्पर्ध्याला. एवढंच. शंका आली म्हणून रिप्ले, असं तिथे कुठेही नाही. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा, हेही तिथेच लिहिलंय. हे एक पाळलं तरी ‘थर्टी ऑल की फोर्टी-फिफ्टीन’ ही आपली नित्याची भांडणं निम्म्याने कमी होतील.

डबल्समध्ये हा प्रश्न इतका टोचत नाही. आपला पार्टनरच ‘आत होता रे’ म्हणतो आणि विषय संपतो. आपल्याकडे क्लबात सकाळच्या गर्दीच्या वेळी डबल्सच चालतं, कारण एका कोर्टावर चार जणांची सोय होते. त्यामुळे बरेच जण सिंगल्स खेळतात ते कधीतरीच, आणि डबल्सची सैल सवय सोबत घेऊन येतात. सिंगल्समध्ये आपल्या बाजूला आपण एकटेच असतो. कोर्टाची लांबी 23.77 मीटर. पलीकडच्या बेसलाइनमागे उभ्या असलेल्या माणसाला आपल्या बेसलाइनवर पडलेला चेंडू धड दिसत नाही. तो आपल्यावर विसंबलेला असतो. स्वतःच्या दुकानात स्वतःच माप घालणाऱ्या वाण्यासारखी आपली गत. गिऱ्हाइकाला काटा दिसत नाही, म्हणून तर हात जास्त जपून ठेवायचा.

‘मला प्रामाणिकपणे बाहेर दिसला,’ असं पुष्कळ जण म्हणतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. त्यांना दिसलाच असेल. अडचण डोळ्यांचीच आहे. 2008 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड व्हिटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विम्बल्डनमधल्या गुणांचं चित्रण तपासलं. रेषापंचांच्या चुकांमध्ये आतला चेंडू बाहेर दिल्याच्या चुका कितीतरी जास्त निघाल्या; बाहेरचा आत दिल्याच्या थोड्याच. वेगाने जाणारी वस्तू आपल्याला ती असते त्याहून किंचित पुढे सरकलेली दिसते. चेंडू रेषेकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेने धावत असतो; मग तो रेषेवर टेकला तरी डोळा त्याला रेषेपलीकडे नेऊन ठेवतो. रेषेवर नजर लावून स्थिर बसलेल्या तरबेज पंचाची ही कथा, तर अंगावर येणारा चेंडू परतवायला धावणाऱ्या तुमची-माझी काय? म्हणजे शंकेचा फायदा समोरच्याला देण्यात सौजन्य-बिजन्य काही नाही. आपल्या बाजूला झुकलेला डोळा तेवढ्याने जेमतेम सरळ होतो.

मातीचं कोर्ट असलं तर सुटकेची एक वाट आहे. फक्कीने आखलेली रेषा असेल आणि फक्की उडाली, तर चेंडू आत; तिथे वाद घालायला जागा नाही. फक्की उडाली नाही तर वण बघायचा. लाल मातीवर चेंडूचा वण गोल नसतो, लांबट असतो, आणि चेंडू ज्या दिशेने गेला तिकडे थोडा फरफटलेला. त्याची कड रेषेला नुसती शिवली तरी चेंडू आत. वाकून, जवळ जाऊन बघायला लागतं. सकाळी पाणी मारून रोलर फिरवलेल्या कोर्टावर तो स्वच्छ उमटतो. ऊन चढून माती भुसभुशीत झाली की आधीच्या चार वणांत हरवतो. मग पुन्हा तोच नियम : खात्री नाही, गुण त्याचा. आणि वणावर पाय फिरवून पुसून टाकायचा आणि मग ‘आउटच होता’ म्हणायचं, हे तर सरळसरळ पुरावा नष्ट करणं आहे.

2005 साली रोममध्ये अँडी रॉडिकला मॅच पॉइंट होता. फर्नांडो व्हर्दास्कोची दुसरी सर्व्हिस रेषापंचाने बाहेर दिली. डबल फॉल्ट, सामना संपला. रॉडिकने मातीवरचा वण दाखवून सांगितलं की चेंडू रेषेला लागलाय. गुण व्हर्दास्कोला मिळाला, आणि पुढे सामनाही त्यानेच जिंकला. खुर्चीवर पंच होता, रेषेवर पंच होता, पैसे होते, गुणांकन होतं, तरी रॉडिक बोलला. आपल्या रविवारच्या सामन्यात पणाला काय लागलेलं असतं, सांगा बघू?

यंत्र आलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. 2025 पासून विम्बल्डनने रेषापंच काढून टाकले आणि सगळे निर्णय इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे दिले. त्याच वर्षी सेंटर कोर्टवर अनास्तासिया पावल्युचेन्कोव्हाला गेम जिंकायची संधी असताना सोने कार्तालचा फटका स्पष्ट बाहेर गेला. यंत्रणा त्या भागापुरती चुकून बंद राहिली होती. पंचाने गुण परत खेळवला. पावल्युचेन्कोव्हाने तो गुण गमावला, मग गेमही. ती चिडली, आणि तिचं चिडणं शंभर टक्के रास्त होतं. सामना ती पुढे जिंकली म्हणून तो रिप्ले बरोबर ठरत नाही.

मोठ्यांनी आपसात काय करायचं ते करावं, पण लहान मुलांच्या स्पर्धांत हा खेळ फार महागात पडतो. पात्रता फेरीत एकेका पंचाकडे तीन-तीन, चार-चार कोर्टं असतात. दहा-बारा वर्षांची मुलं आपापले निर्णय आपणच देत असतात. आणि जाळीच्या कुंपणाबाहेर आई-बाबा. बोट वर करून खुणा करणारे, मुलाने चेंडू आत दिला तर कपाळावर हात मारणारे बाबा मी पाहिले आहेत. पोरगं चेंडूकडे बघायच्या आधी बाबांकडे बघतं. त्याला रेषा दिसली होती. त्याने निर्णय बदलला.

आयोजकांनो, दोन गोष्टी करा. पहिल्या सामन्याआधी मुलांना एकत्र बसवून पंचाविना खेळायचे हे नियम मराठीत वाचून दाखवा, पाच मिनिटंही लागणार नाहीत. आणि पालकांच्या खुर्च्या बेसलाइनमागून उचलून अशा ठिकाणी ठेवा, जिथून कुठलीच रेषा दिसत नाही.