पुणेकर घरी नाहीत

मुंबईच्या माणसाने सकाळी पुण्याला जावं आणि रात्री घरी जेवायला परत यावं, ही गोष्ट रेल्वेने फारशी मनावर घेतलेली नाही. वेळापत्रक उघडून बघा. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते आणि संध्याकाळी पाच-दहाला सीएसएमटीहून परत फिरते. सिंहगड तशीच, प्रगतीही तशीच. तिघींचा मुक्काम पुण्याला. मुंबईत यायचं ते कामापुरतं. आणि गंमत म्हणजे डेक्कन क्वीन मुळात आमची! १ जून १९३० ला ती सुरू झाली ती मुंबईच्या पैसेवाल्यांना सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या रेसला नेण्यासाठी. पुढे ती रोज धावायला लागली आणि कधी पुणेकर झाली, कुणाला पत्ता लागला नाही. आता दर १ जूनला पुणे स्टेशनवर केक कापून तिचा वाढदिवस करतात. आमच्या लालबागला कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फलक लागतात ते मी रोज बघतो. गाडीचा अजून बघितलेला नाही.

आमच्यासारख्यांना उरते ती पहाटेची इंद्रायणी, नाहीतर सहा-चाळीसची इंटरसिटी. मी इंटरसिटी धरली. हातात चार किलो चिवडा होता.

चिवडा ताईचा. म्हणजे चिवडा गल्लीतला, पण पाठवणारी ताई. तिचा मुलगा सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. लालबागला अभ्यास का होत नाही, तर पुण्यात ‘वातावरण’ असतं. आमच्या वातावरणाबद्दल मी काही बोललो नाही, कारण दसरा नुकताच झाला होता आणि माझ्या कानात अजून बेंजो वाजत होता. शरद ऋतूचं चांदणं वगैरे कवींनी लिहिलंय ते बहुधा घाटावर बसून. आमच्याकडे शरद म्हणजे उकाडा, मंडपाच्या बांबूंनी रस्त्याला पाडलेली भोकं, आणि दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन भल्या सकाळपासून तापलेल्या चिवडेवाल्यांच्या कढया.

‘अगं, पुण्यात चिवडा मिळत नाही का?’ मी ताईला विचारलं.

‘मिळतो,’ ती म्हणाली. ‘पण तो पुण्याचा.’

विषय संपला.

चिवड्याबरोबर मी आणखी एक सामान घेतलं होतं, ते पिशवीत दिसत नव्हतं. पुणेकराशी वाद घालायचा दारूगोळा. तेही विद्येच्या विषयावर. विद्या म्हटलं की पुणं, हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आहे. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला. आमचं मुंबईचं १८५७ चं. म्हणजे त्याआधी ज्या ज्या पुणेकराने बीएची पगडी मिरवली, ती आमच्या फोर्टातून नेलेली. लोकमान्य शिकले डेक्कन कॉलेजात, पण पदवीवर शिक्का मुंबईचा. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली चार माणसं पदवीधर झाली, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. दोघंही आमच्या एल्फिन्स्टनचे. रानडे पुढे न्यायाधीश होऊन पुण्याला गेले. भांडारकर तर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण पाटी कुठे लागली? लॉ कॉलेज रोडवर, पुण्यात! माणूस आम्ही घडवायचा आणि संस्था त्यांनी काढायची. एवढा ऐवज खिशात असल्यावर एखादा तरी पुणेकर गाठून त्याला निरुत्तर करायचं, असा माझा बेत होता.

दादरला गाडीत चढलो तेव्हा खिडकीची जागा अर्थातच गेलेली होती. कर्जतला गाडी थांबली. इथे मागून जादा इंजिनं लावतात, कारण घाटाचा चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही. तेवढ्या वेळात अर्धा डबा वड्यासाठी दाराशी गेला. मला नेहमी वाटतं, पुण्याला जायचं तर गाडीलासुद्धा मागून ढकलावं लागतं. मुंबईला यायला नुसता ब्रेक सांभाळला की झालं. हे मी शेजाऱ्याला ऐकवलं. तो नगरचा निघाला. त्याने नुसतं ‘हां’ म्हटलं आणि वडा संपवला.

वडा मात्र वर्णन करण्याजोगा होता. कागदातून तेल बोटांना लागेपर्यंत गरम, आत लसणीचा ठसका, आणि सुकी लाल चटणी एवढीशीच, मागितली तरच जास्त. खाताना खिडकीवाल्याची परवानगी न घेता मी त्याच्या मांडीवरून बाहेर बघत होतो. धबधबे ओसरून नुसत्या ओल्या रेघा उरल्या होत्या, उतारांवर सोनकी पिवळी फुलली होती. तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून धडधडत एक गाडी खाली गेली. डबे गच्च भरलेले. कुणी पेपर वाचतंय, कुणी डोळे मिटून बसलंय. ‘डेक्कन क्वीन,’ नगरकर म्हणाला. त्या क्षणी मला काही सुचलं नाही. दुपारपर्यंत सुचलं.

पुण्यात आता मेट्रो आहे. स्टेशनवरून बसलो, डेक्कन जिमखान्याला उतरलो. या स्टेशनाचं छप्पर मावळ्याच्या पगडीसारखं केलंय. जगात कुठे रेल्वेचं स्टेशन पगडी घालून उभं असेल असं मला वाटत नाही. पहिला पुणेकर इथे भेटेल म्हणून मी रिक्षावाल्याशी बोलणं काढलं. तो सोलापूरचा. पत्ता विचारला तो पोरगा जालन्याचा. त्याने फोनवर नकाशा उघडून मलाच विचारलं, ‘काका, सदाशिव पेठ म्हणजे नक्की कुठली बाजू?’ भाच्याच्या मेसच्या मावशी कराडच्या. दुपारी एक ते चारवर दोन शब्द बोलून भांडण उकरावं म्हटलं, तर चितळ्यांनी २०१७ सालापासूनच दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केलेली. पुण्यावरचा एवढा टिकाऊ विनोद त्यांनी न सांगता बंद केला.

भाचा अभ्यासिकेत होता. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत लाकडी फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक डोकं, एक पाण्याची बाटली, समोरच्या फळीवर चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा. पंख्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. चिवड्याच्या पिशवीचा करकर आवाज झाला तेव्हा पाच-पन्नास डोकी एकदम वर आली. एवढा धाक मला शाळेतही कधी वाटला नव्हता.

मग चहाची वेळ झाली आणि ती सगळी डोकी टपरीवर आली. बीड, लातूर, गडचिरोली, नांदेड. चर्चा आयोगाच्या तारखांची, जागांची, कट-ऑफची. त्यांनी चिवड्याचं पाकीट फोडलं आणि मी माझं. म्हटलं, ‘काही म्हणा, विद्यापीठ आमचं आधीचं. १८५७.’

‘१८ जुलै,’ बीडचा मुलगा तोंडातला चिवडा न थांबवता म्हणाला. ‘कलकत्ता २४ जानेवारी, मद्रास ५ सप्टेंबर.’

‘वूडचा खलिता १८५४,’ लातूरवाला.

‘आणि पहिले पदवीधर...’ मी जोर लावला.

‘रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. मामा, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. सोपा आहे.’ हे माझ्या भाच्याने. ताईने मोठ्या विश्वासाने पुण्याला पाठवलेल्या भाच्याने.

माझा सगळा दारूगोळा त्यांनी एका गुणाच्या प्रश्नांत मोडीत काढला. रागसुद्धा येईना, कारण त्यातल्या एकालाही पुण्याबद्दल काही वाटत नव्हतं. पीएसआय व्हायचं आणि गावाकडे पोस्टिंग मागायचं, एवढंच. पंधरा मिनिटांत चहा संपला, ती पुन्हा खणांत जाऊन बसली.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून भांडारकर संस्थेच्या बाजूने फिरून आलो. ६ जुलै १९१७ ला, भांडारकरांना ऐंशी वर्षं पुरी झाली त्या दिवशी, ही संस्था निघाली. इथे १९१९ पासून १९६६ पर्यंत माणसं महाभारताची संशोधित आवृत्ती करत बसली होती. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं मिळवली. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या कराराच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तो बिल्डरनेच दिलेला आहे. त्या आवारातल्या झाडाखाली उभं राहून मला पुण्याचा थोडा हेवा वाटला. थोडाच. पुस्तकं भांडारकरांनीच दिलेली होती, हे विसरून कसं चालेल?

तिथेच सकाळची गोष्ट डोक्यात उजाडली. पुणेकर सापडणार कसा? तो सव्वासातच्या गाडीने मुंबईला गेला होता! घाटात मी चढत होतो आणि तो उतरत होता. मी इथे त्याच्या नावाने शंख करतोय, आणि तो फोर्टात बसून, माझ्याच विद्यापीठाच्या घड्याळाखाली, डबा खातोय.

परतीची इंटरसिटी पाच-पंचावन्नची. शेजारी एक आजी येऊन बसल्या. पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर डबा. कुठून, विचारलं. ‘नारायण पेठ.’ जन्म? ‘नारायण पेठ.’ माझ्या अंगावर रोमांच आले. मी पाणी प्यायलो आणि १८५७ पासून सुरुवात केली.

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘तुमच्या त्या राजाबाई टॉवरचा नकाशा काढला गिल्बर्ट स्कॉटने. तो मुंबईला कधी आलाच नाही. पैसे दिले प्रेमचंद रायचंदांनी, ते सुरतचे. यात तुमचं काय?’

‘शिकणारे...’

‘आणि कर्व्यांचं बायकांचं विद्यापीठ? १९१६ ला आमच्या पुण्यात काढलं. १९३६ ला ते मुंबईला नेलंत.’

‘त्याला पंधरा लाख आमच्या ठाकरसींनी दिले!’

‘दिले ना? मग नाव पण आईचं लावून घेतलं. हिशेब पुरा झाला.’

लोणावळा मागे पडलं. अंधारात पलीकडच्या रुळावर उजेडाच्या खिडक्या सरसर वर गेल्या. आजींनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. ‘चार मिनिटं उशीर. आमचे चिरंजीव आहेत त्यात. वर्षानुवर्षं पास काढून जातो तुमच्याकडे.’

‘मग त्याला विचारा मुंबई कशी आहे ते!’

‘विचारलं. म्हणतो, मुंबईकर म्हणून कुणी भेटतच नाही. ऑफिसात सगळे डोंबिवली-बदलापूरचे. तुम्ही मूळचे कुठले?’

‘लालबागचा. जन्म तिथलाच.’

‘मूळचे विचारतेय.’

‘आजोबा गिरणीत आले. देवगडहून.’

‘हां,’ आजी म्हणाल्या. ‘आम्ही गुहागरचे.’

यावर दोघांनी गप्प बसायला हरकत नव्हती. आजींनी डबा उघडून माझ्यासमोर धरला, मी एक लाडू घेतला. पण तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘आंबा मात्र रत्नागिरीचाच, बरं का.’ मग मी लाडू तसाच हातात धरला आणि कर्जतपासून दादरपर्यंत आम्ही दोघंही थांबलो नाही.