गुरुशिष्यांचे दफ्तर

ज्या मराठवाड्याला एकेकाळी पदवीसाठी हैदराबादेकडे पाहावे लागे, त्याच्याकरिता १९५८ साली तेथेच विद्यापीठ स्थापन झाले, आणि आता संशोधकास केवळ मार्गदर्शकाच्या दालनापर्यंत जावे लागते. हैदराबादचा प्रवास निदान एका रात्रीत संपत असे! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी प्राध्यापकास एकावेळी कमाल आठ शिष्य मुक्रर केले असून, दर सत्रास प्रगतीचा अहवाल सादर करणे शिष्याचे कर्तव्य होय. तो सहीपूर्वी वाचावा की नंतर, हे मात्र गुरुवर्यांच्या सदसद्विवेकावर सोपविलेले दिसते. शिष्योत्तमही काही कमी नव्हेत. विषय विचारताच ‘सर देतील तो’ म्हणणारा, परंतु सरांच्या गॅस सिलिंडरची तारीख बिनचूक ध्यानी ठेवणारा उमेदवार सहाव्या वर्षी मुदतवाढीचा अर्ज घेऊन येतो, आणि त्यावर सही तत्काळ मिळते.