टाकीच्या आजीव राखणदारास

प्रिय सेक्रेटरी भाऊ,



जलकुंभ धुवायचा म्हणून आपल्या भागात पाणी बंद राहणार, अशी सूचना आली आणि आपल्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर तुमचा संताप वाचला. ‘टॅक्स घेतात अन् वरून नळ कोरडे ठेवतात!’ अगदी रास्त. टाक्या धूत बसायची ही कोणती थेरं? आपल्या पार्किंगखालची टाकी पाहा. स्कीम ताब्यात आल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही, पण तिने कधी तक्रार केली?

तुमच्यासाठी एक वाईट बातमी आहे. पाणी न थांबवता जलकुंभ साफ करणारी यंत्रं आली आहेत. आधी यंत्रालाच क्लोरीनच्या पाण्याने निर्जंतुक करतात, मग भरल्या टाकीत सोडतात. ते तळावर रांगतं, ब्रशने गाळ सैल करतं आणि लगेच नळीवाटे बाहेर ओढून घेतं. वर बसलेला माणूस कॅमेऱ्यातून बघत त्याला अगदी सावकाश चालवतो, कारण घाई केली तर गाळ उठून थेट लोकांच्या नळात. छत आणि भिंतींचा वरचा भाग त्याच्या आवाक्यात नसतो, भेगा नीट तपासायला टाकी कधीतरी रिकामी करावीच लागते, तेव्हा शटडाऊन पुरता संपणार नाही. तुमच्या संतापासाठी एवढी सोय शिल्लक राहील.

शुद्ध केलेल्या पाण्यात गाळ येतो कुठून, असा प्रश्न तुम्ही मागच्या मीटिंगमध्ये विजयी मुद्रेने विचारला होता. गाळणीतून निसटलेले बारीक कण, पाइपांतला गंज, झाकणाच्या फटीतून आलेली धूळ असं सगळं संथ पाण्यात तळाशी बसतं. त्यात जंतूंना आसरा मिळतो आणि पाण्यातला क्लोरीन त्या थराशीच झुंजत खर्ची पडतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या टाकीतून वर चढेपर्यंत त्यातला किती उरतो, हे तपासायला कुणी आलं, तर तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावाल याची मला खात्री आहे. पाणी आणि पर्यावरण यांवर संशोधन करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था याच नागपुरात आहे. तुमच्या टाकीचा अभ्यास अजून तिच्याकडून राहिला, हे विज्ञानाचं दुर्दैव.

बिचाऱ्या पाण्याचा प्रवास तरी बघा. तोतलाडोहात साठायचं, पारशिवनीजवळच्या नवेगाव खैरीहून निघायचं, गोरेवाड्याकडच्या केंद्रात तुरटी, गाळण्या आणि क्लोरीन सोसून जलकुंभात चढायचं आणि तिथून आपल्या मीटरपर्यंत यायचं. (शहराच्या काही भागांत ते कन्हानचं असतं. कष्ट तेच.) तिथवर महापालिका आणि तिची कंपनी जबाबदार. चुकलं तर ओरडायला नंबर आहे, बातमी छापायला वर्तमानपत्र आहे. मीटर ओलांडला की तुमचं राज्य सुरू होतं. 2012 पासून या शहरात चोवीस तास पाण्याचा गाजावाजा आहे. ते खरंच तसं येईल तिथे पार्किंगखालच्या टाक्या हळूहळू मोडीत काढता येतील, पण मग तुमच्या हाती काय राहणार?

कूलरच्या बाबतीत मात्र तुम्ही शिस्तीचे. मार्च उजाडला की नवं वुडवूल, टाकीला रंग, पंपाला तेल. मे महिन्यात शेचाळीस अंश तापलं की हवा गार हवी, तीही स्वच्छ. पिण्याचं पाणी कोणत्या टाकीतून येतं हा गौण विषय. मी एकदा विचारलं, तर तुमचं उत्तर तयार: ‘काही नाही होत जी, सारेच पेतात ना!’

आता गंभीर. मागच्या मीटिंगमध्येच टाकी साफ करण्यावरून तुम्ही म्हणालात, ‘एवढंच असेल तर वॉचमनच्या पोराला उतरवू, बादलीभर गाळ तर आहे.’ 2025 च्या मार्चमध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत साफसफाईला उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. ती गटार नव्हती, सेप्टिक टँकही नव्हता. पाण्याचीच टाकी होती. बंद टाकीतली हवा श्वासाला पुरेल की नाही, हे वरून डोकावून कळत नाही आणि एक कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो. जलकुंभात यंत्र सोडायचं ते पाणी तुटू नये एवढ्यासाठीच नव्हे, आत माणूस उतरवायला लागू नये म्हणूनही. हे पोर उतरवायचा विचार तुम्ही परत बोलून दाखवलात, तर मी ग्रुपवर न लिहिता सरळ पोलीस ठाण्यात लिहीन.

साफसफाई करणाऱ्या दोन एजन्सींचे दर मी आणले आहेत. हवा तपासायचं साधन, ती खेळती ठेवायचा ब्लोअर आणि गाळ ओढायचा पंप बाळगणाऱ्या एजन्सी आहेत. माणूस उतरवायची वेळ आलीच, तर त्याला पट्टा, दोर आणि वर उभा दुसरा माणूस असेल. दोन्ही दर मिळून गेटच्या नव्या कमानीच्या खर्चापेक्षा कमी भरतात. कमान विषयपत्रिकेत पहिली आहे. टाकी ‘ऐनवेळचे विषय’मध्ये, म्हणजे समोसे संपल्यावर. क्रम उलटा करा एवढंच मागणं.

आपला,
मेंटेनन्स वेळेवर भरणारा एक सभासद

ता. क. टाकीचं झाकण तुटल्यावर तुम्ही त्यावर निवडणुकीतला फ्लेक्स अंथरलात. तो मधोमध फाटलाय. उमेदवार तेव्हा पडला होताच. या पावसाळ्यात टाकीत पडेल.