सौजन्य : तुमचे गुडघे

नागरिकांनी चालावं, निरोगी राहावं आणि त्यांचं जीवनमान उंचावावं, यासाठी आमच्या भागात 'सक्रिय वाहतूक भागीदारी' झाली. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, नारळ फुटला, फीत कापली गेली. सायकलफेरीही निघाली, सायकली टेम्पोतून आल्या आणि फोटो झाल्यावर टेम्पोतूनच परत गेल्या. मागे राहिला तो फूटपाथच्या बरोबर मधोमध रोवलेला एक फलक. भागीदारीतून आजवर जमिनीवर उतरलेलं काम म्हणाल तर एवढंच.

फलक देखणा आहे. स्टीलचे दोन पाय, वर छोटंसं छप्पर, आत दिवे. रस्त्यावरचे दिवे बंद असल्यामुळे रात्री निदान फलक तरी दिसतो. वर हिरव्या अक्षरांत 'चला, चालू या!' असं लिहिलंय आणि ते वाचायला प्रत्येक चालणारा थांबतो. थांबावंच लागतं, कारण पुढे जायला वाट नाही. एका अंगाला विजेचा डीपी, दुसऱ्या अंगाला झाडाचा पार. मधे जेवढी फट उरली होती तेवढीत आता जनजागृती बसवली आहे.

पादचारी मार्गांचे नियम देशात लिहून ठेवलेले आहेत. चालायला किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही चढता-उतरता यावं. आमचा फलक अंदाजे तेवढाच रुंद आहे, त्यामुळे नियमाचं पहिलं वाक्य कुणीतरी वाचलेलं असणार. दुसरं वाचायला वेळ मिळाला नसावा. आमच्याकडे दर निवडणुकीआधी जुन्या ब्लॉकांवर नवे ब्लॉक बसतात; फूटपाथ आता गुडघ्याला लागलाय. तेव्हा फलक ओलांडायचा म्हणजे आधी बसून पाय खाली सोडायचे, मग रस्त्यावर उतरायचं, समोरून उलट्या दिशेने येणारा टेम्पो चुकवायचा आणि पलीकडे डीपीचा आधार घेऊन पुन्हा वर चढायचं. यात गुडघ्यांना व्यायाम होतो, टेम्पो दिसताच हृदयाला होतो आणि टेम्पोवाला जाताजाता जे बोलतो त्याने शब्दसंग्रहही वाढतो. सर्वांगीण आरोग्य ते हेच.

फलकावर सर्वात वर भागीदारांची नावं आहेत. मुख्य भागीदार मोटारींचं शोरूम. जल भागीदार बाटलीबंद पाणीवाले. प्रसिद्धी भागीदार वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापणारे, म्हणजे चालणाऱ्याची दोन्ही टोकांची सोय एकाच छताखाली. आणि आरोग्य भागीदार? हाडांचं रुग्णालय. या एका निवडीसाठी मी समितीला हात जोडतो. इतकी दूरदृष्टी आमच्या नगरनियोजनात पूर्वी कधी दिसली नव्हती. फूटपाथवरून पडणाऱ्याला शोधाशोध नको म्हणून रुग्णालयाचा पत्ता, दिशा दाखवणारा बाण आणि 'गुडघेबदलावर विशेष सवलत' असा मजकूर नेमका त्याच्या नजरेसमोर येईल अशा उंचीवर, म्हणजे जमिनीपासून वीतभर वर छापलाय. उभ्या माणसाला तो वाचताच येत नाही. आडवा झाला की स्वच्छ दिसतो. पुढच्या वर्षी शेजारी प्लॅस्टरचा एक स्टॉल टाकला तर भागीदारी स्वयंपूर्ण होईल, आणि टाकतीलही, कारण फूटपाथवर स्टॉलला जागा निघते. निघत नाही ती फक्त माणसाला.

खाली सल्ला आहे : 'रोज १०,००० पावले चाला.' हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला निघालं, त्याच्या नावात तो होता. त्याहून कमी चालूनही प्रकृतीला फायदा होतो, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण आकडा गोल आहे आणि फलकावर शोभतो.

आता जरा हसणं पुरे. हा सल्ला नक्की कुणाला आहे? २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या लोकांना विचारलं होतं की कामाला कसे जाता. शंभरातले जवळपास २३ पायी जात होते, १३ सायकलने. मोटारीने जाणारे तीनसुद्धा नव्हते. म्हणजे हा देश चालतोच आहे. चार घरची धुणीभांडी करायला पहाटे वस्तीतून निघणारी बाई, बस न आल्यामुळे दप्तर घेऊन निघालेली पोरं, सायकलच्या कॅरिअरला डबा अडकवून कारखान्यात जाणारा पहारेकरी, यांना जनजागृती कसली करता? त्यांना चालायचं कसं ते ठाऊक आहे. चालायचं कुठून, ते सांगा! त्यांच्या चालण्याला आरोग्य म्हणत नाहीत, गरिबी म्हणतात. आरोग्य होतं ते बागेपर्यंत मोटारीने येऊन, सायकल मार्गावर ती उभी करून, आत चार फेऱ्या मारणाऱ्यांचं. आणि २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर ३२ हजारांहून जास्त पादचारी मेले. बत्तीस हजार! एखादं तालुक्याचं गाव रिकामं व्हावं इतकी माणसं. त्यांच्यासाठी ना करार झाला, ना कुणी भागीदार पुढे आला. फूटपाथ मोकळा, सपाट आणि सलग ठेवायला भागीदार लागतच नाही हो. दोन मजूर, एक पहार आणि ती कुठे मारायची ते सांगण्याची हिंमत असलेला एक साहेब पुरतो.

तरी सहकार्याची भावना म्हणून मी भागीदारीच्या दुसऱ्या टप्प्यात 'पादचारी भागीदार' व्हायचं ठरवलं आणि अर्ज आणला. नाव, वय, पत्ता, रक्तगट, सगळं भरलं. शेवटचा रकाना अनिवार्य आहे : वाहन क्रमांक. तो नसेल तर अर्ज बाद.